घोडा एकटा निघतो तेव्हा

माथेरानमध्ये मोटारगाड्यांना बंदी आहे. दस्तुरी नाक्यावर गाडी उभी केली की पुढे पायी जायचं, छोट्या रेल्वेने, रिक्षाने, नाहीतर घोड्यावर. माणूस पाठीवर घेणं इथल्या भाड्याच्या घोड्याला नवं नाही. नवं असतं ते एकटं चालणं. एरवी मोरकीचा दोर धरून घोडेवाला त्याच्या तोंडाशी चालतो, मागेपुढे आणखी दोन-चार घोडे असतात. पण एखादा सराईत स्वार बसला, घोडेवाल्याने दोर सोडला आणि बाकीचे घोडे दुसऱ्या वाटेला लागले, की पहिल्याच वळणावर तो थबकतो. मान ताठ, कान घोळक्याच्या दिशेला, चारही पाय लाल मातीत रोवलेले. बघणारे त्याला अडेल ठरवून मोकळे होतात. हा त्या जनावरावर अन्याय आहे.

घोडा हे शिकार होणारं जनावर. त्याला जवळजवळ 350 अंशांचं दिसतं, तरी कपाळासमोर अगदी जवळ आणि शेपटीमागे त्याला दिसत नाही. कळपात पहारा वाटून घेतलेला असतो. एकट्याला मात्र प्रत्येक सळसळ स्वतःच ऐकावी लागते. डेन्मार्कमधल्या एका प्रयोगात असं आढळलं, की बुजवणाऱ्या वस्तूची सवय झालेला सोबती शेजारी असला तर नवखा घोडा कमी घाबरतो. सोबतीचा आधार खराच असतो, म्हणून तो एकदम काढून घ्यायचा नसतो.

मात्र त्याआधी दुखणं तपासायला हवं. न्यूमार्केटमध्ये अनेक वर्षं काम केलेल्या पशुवैद्य स्यू डायसन यांनी स्वार बसलेल्या घोड्याच्या वागण्यातली 24 लक्षणं नोंदली. त्यांतली आठ किंवा जास्त दिसली, तर स्नायू किंवा सांध्यांत वेदना असण्याची शक्यता मोठी. पुढे जायला नाखूष असणं हे त्यांतलंच एक. म्हणून पाठीवरून हात फिरवायचा, खोगीर कुठे रुतत नाही ना ते बघायचं, खूर उचलून नाल तपासायचे, दात बघून घ्यायचे. पाठ सोललेल्या घोड्याला चाबूक मारून चालवणं म्हणजे निव्वळ क्रौर्य.

दुखणं नाही अशी खात्री झाली की खरं काम सुरू होतं. एक कुमैत घोडी, तिच्यावर स्वारी जाणणारी एक तरुणी आणि खाली घोडीचा मालक. गर्दी व्हायच्या आतली वेळ. सुरुवातीला तो नेहमीसारखा तोंडाशी चालतो. मग हळूहळू खांद्याशी येतो, तिथून तंगाशी, आणि शेवटी मागे राहतो, घोडीच्या डोळ्याच्या कोपऱ्यात दिसेल इतपतच. माणसामागून जाण्याची तिची सवय अशी इंचाइंचाने सुटते. तो दिसेनासा झाला की घोडी थांबते. तरुणीच्या टाचा आपोआप आवळल्या जातात आणि मागून आवाज येतो, “ताई, टाच नको. नुसता पाय लावा. उचललं पाऊल की लगेच सोडा.”

सगळी विद्या या सोडण्यात आहे. पिंढरीचा हलका दाब म्हणजे प्रश्न. दाब निघून जाणं म्हणजे ‘बरोबर’. घोडीने एक पाऊल टाकलं, नुसतं वजन पुढे झुकवलं, तरी त्याच क्षणी पाय सैल करायचा. पाऊल पडल्यावरही दाब चालूच राहिला, तर पुढे जाऊन सुटका नाही एवढंच ती शिकते. टाचा मारत राहणारे स्वार घोड्याला बहिरं करतात ते असंच. पाय अगदीच रुतले असतील तर तिचं डोकं थोडं बाजूला घेऊन मागचा भाग एक पाऊल सरकवायचा. हललेला पाय पुढे नेणं सोपं जातं. डावीकडून गर्रकन घराकडे वळली, तर तिला उजवीकडूनच परत आणायचं. फेरी पूर्ण होऊ द्यायची नाही, आवाज चढवायचा नाही.

स्वाराची भीती लपत नाही. स्वीडनमध्ये 2009 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात लोकांना घोडा चार वेळा त्याच वाटेने न्यायला सांगितलं होतं. चौथ्या फेरीआधी त्यांना सांगण्यात आलं, की वाटेत छत्री उघडली जाईल. छत्री उघडलीच नाही, तरीही माणसांच्या आणि घोड्यांच्याही हृदयाचे ठोके वाढले. म्हणून घोडेवाला तरुणीला पुढे, वाटेच्या टोकाकडे बघायला सांगतो आणि श्वास मोकळा सोडायला सांगतो. लगाम आखडला गेला की घोडीला धोक्याची बातमी हातातूनच पोचते.

आणि उतरून चालायला लाज कसली? झेनोफॉन या ग्रीक सेनानीने इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात घोडेस्वारीवर ग्रंथ लिहिला. घोडा एखाद्या वस्तूला बुजला तर ती भीतीची नाही हे त्याला दाखवा, स्वतः तिला हात लावा, हळुवारपणे जवळ न्या, असा सल्ला त्यात आहे. मारल्याने भीती वाढते, असंही त्याने बजावलं. कारण मार आणि ती वस्तू घोड्याच्या मनात एकत्र जोडली जातात.

परतायचं कधी, यावर बरंच अवलंबून असतं. घोडी अडली असताना वळवली, तर अडल्याने घर मिळतं हे तिला कळतं. म्हणून ती मोकळ्या पायाने चालत असतानाच, तिची हिंमत संपायच्या आत वळवायचं. त्याहून बरी गोल वाट, जिथे ‘मागे फिरण्याची’ जागाच येत नाही. माथेरानच्या झाडीत अशा वाटा पुष्कळ. घराकडे तोंड झालं की ती घाई करते, तेव्हाही चालच ठेवायची, दुडकी नाही. तबेल्याशी पोचताच खोगीर उतरवून चंदी पुढे ठेवायची नाही. थोडं इकडेतिकडे फिरवून मगच.

ही घोडी आता झाडीतली वाट एकटी चालते. रुळांजवळ मात्र अजून अडखळते, आणि आवाज न करता मागून येणाऱ्या ई-रिक्षाला दचकते. तेवढ्या टप्प्यात मालक पुन्हा तिच्या खांद्याशी येऊन चालतो. रिक्षा पुढे गेली की दोन पावलं मागे पडतो.