गेम सुरू होण्याआधीची ‘ती’ सूचना: फिट येणाऱ्या मुलांना व्हिडिओ गेम खेळू द्यावा का?

दिवाळी जवळ आली किंवा परीक्षेचे निकाल लागले की दवाखान्यात एक प्रश्न हमखास येतो. “डॉक्टर, याला नवा प्लेस्टेशन हवाय. पण याला फिट येते. घेऊन द्यायचा का?” काही घरांत हा प्रश्न विचारलाही जात नाही. मोबाइल बंद, टीव्ही बंद, गेम तर नकोच, असा फतवा निघतो आणि मुलगा मित्राच्या घरी जाऊन गुपचूप खेळतो. त्या मित्राच्या आईला फिटबद्दल काहीच माहीत नसतं. मला भीती वाटते ती अशा मुलांची.

आधी थोडक्यात उत्तर. अपस्मार असलेली बहुतेक मुलं व्हिडिओ गेम खेळू शकतात. मोजक्या मुलांना मात्र विशिष्ट प्रकारच्या लखलखाटाने फिट येऊ शकते. आपलं मूल त्या मोजक्यांत आहे का, हे खरेदीआधी कळायला हवं आणि ते कळू शकतं.

सूचना कशाबद्दल असते?

जवळपास प्रत्येक कन्सोलच्या माहितीपत्रकात आणि अनेक गेमच्या सुरुवातीला एक इशारा असतो: चमकणाऱ्या दिव्यांमुळे किंवा आकृत्यांमुळे काही व्यक्तींना झटके येऊ शकतात. तो न वाचता बटण दाबून पुढे जायची सगळ्यांनाच सवय असते. हा इशारा केवळ कंपनीने आपल्या बचावासाठी छापलेला नाही. त्यामागे खऱ्या घटना आहेत.

१६ डिसेंबर १९९७ रोजी जपानमध्ये ‘पोकेमॉन’ मालिकेचा एक भाग टीव्हीवर लागला. त्यात स्फोटाच्या दृश्यात लाल आणि निळा रंग सेकंदाला साधारण १२ वेळा आलटून पालटून चमकत होता. त्या संध्याकाळी सुमारे ६८५ जणांना रुग्णालयात न्यावं लागलं. त्यात बहुतेक मुलं होती आणि त्यांच्यातल्या अनेकांना आधी कधीच फिट आलेली नव्हती. बरीचशी लवकर सावरली. पण बातम्यांमध्ये तेच दृश्य पुन्हा दाखवल्यावर आणखी काहींना त्रास झाला. म्हणजे गेम स्वतः खेळत नसलो, नुसता ट्रेलर किंवा दुसऱ्याच्या खेळाचा व्हिडिओ बघत असलो, तरी डोळ्यांपर्यंत पोहोचणारा प्रकाश तोच असतो.

दुसरी घटना अलीकडची, थेट गेमच्या दुनियेतली. ‘सायबरपंक २०७७’ हा गेम १० डिसेंबर २०२० रोजी बाजारात आला. त्याआधी समीक्षेसाठी तो खेळताना ‘गेम इन्फॉर्मर’ या मासिकाच्या एका समीक्षिकेला फिट आली. तिला अपस्मार होता. गेममधलं पात्र डोक्यावर एक यंत्र चढवतं आणि त्याचे लाल-पांढरे दिवे डोळ्यांसमोर वेगाने लुकलुकतात, असं ते दृश्य होतं. निदानासाठी मेंदूविकारतज्ज्ञ मुद्दाम दिवा लुकलुकवतात, तसंच ते असल्याचं तिने लिहिलं. शिवाय गेममध्ये आणखी कुठे कुठे धोका आहे, याची माहिती तिने गेम येण्याआधीच प्रसिद्ध केली. कंपनीने आधी इशारा ठळक केला आणि मग काही दिवसांतच त्या दृश्यातली चमक सौम्य केली. गेमच्या समीक्षेचा असा उपयोग होतो, हे आपल्याकडे फारसं कुणी लक्षात घेत नाही.

कोणता लखलखाट त्रास देतो?

डोळ्यांतून आलेली माहिती मेंदूच्या मागच्या भागात पोहोचते. प्रकाश ठरावीक वेगाने चालू-बंद होत राहिला, तर संवेदनशील मेंदूतल्या असंख्य पेशी त्याच तालावर एकदम काम करू लागतात आणि ती लहर पसरली की फिट येते. त्रासदायक वेग साधारण सेकंदाला ३ ते ३० चमका, आणि त्यातही १५ ते २५ च्या आसपासचा जास्त. गडद लाल रंग अधिक वाईट. काळ्या-पांढऱ्या ठळक पट्ट्या, विशेषतः हलणाऱ्या, यांनीही काहींना फिट येते. पडदा दृष्टीचा जितका मोठा भाग व्यापेल आणि खोलीत जितका अंधार असेल, तितका परिणाम जास्त.

इथे एक गैरसमज दूर करतो, कारण नव्या कन्सोलच्या जाहिरातींमुळे तो वाढला आहे. ५ जून २०२५ रोजी आलेल्या निन्टेन्डो स्विच २ च्या ७.९ इंची पडद्याचा वेग १२० हर्ट्झपर्यंत जातो, प्लेस्टेशन ५ देखील तसं चित्र देऊ शकतो. “१२० म्हणजे सेकंदाला १२० वेळा लुकलुकणार, मग तर धोका वाढला,” असं पालक म्हणतात. तसं नाही. तो आकडा चित्र सेकंदाला किती वेळा बदलू शकतं याचा आहे. चित्रात चमक किती आहे, याच्याशी त्याचा संबंध नाही. उलट पूर्वीच्या डबा टीव्हीची काच स्वतःच सेकंदाला ५० वेळा लुकलुकायची आणि जवळून पाहणाऱ्या संवेदनशील मुलांना ती बाधायची. आजचे सपाट पडदे त्या बाबतीत खूप बरे. आता धोका उरतो तो गेममधल्या दृश्यांचा: स्फोट, विजा, बंदुकीच्या फैरी, डिस्को दिवे. भिंतीएवढ्या, भडक उजेडाच्या टीव्हीवर हीच दृश्यं अधिक बाधतात.

(विसर्जन मिरवणुकीतले लुकलुकणारे दिवे आणि लग्नातला डीजे यांनाही हेच लागू आहे. गेमला नावं ठेवणारी मंडळी तिथे मुलांना खुशाल पुढे उभी करतात.)

आपलं मूल त्यात मोडतं का?

अपस्मार असलेल्या १०० जणांपैकी साधारण ३ जणांना असा प्रकाशसंवेदनशील अपस्मार असतो. मुलं आणि किशोरवयीनांमध्ये हे प्रमाण मोठ्यांपेक्षा जास्त असतं, आणि पहिली फिट अनेकदा वयात येण्याच्या सुमारास येते. म्हणजे नेमकी गेमची आवड लागण्याच्या वयात.

सहा महिने ते पाच वर्षांच्या वयात फक्त तापात आलेली साधी फिट ही वेगळी गोष्ट आहे. तेवढ्यासाठी पंधरा वर्षांच्या मुलाचा गेम बंद करण्याची गरज नाही.

लक्ष द्यायला हवं ते एका वेगळ्या लक्षणाकडे. सकाळी उठल्यावर तासाभरात हाताला अचानक झटका बसतो, ब्रश उडतो, चहाचा कप हातातून सुटतो. मूल पूर्ण शुद्धीवर असतं, त्यामुळे घरचे “धांदरट आहे” म्हणून सोडून देतात. आदल्या रात्री जागरण झालं असेल तर झटके वाढतात. किशोरवयात सुरू होणाऱ्या अपस्माराचा हा एक ओळखीचा प्रकार आहे आणि त्यातल्या बऱ्याच मुलांना लखलखाट बाधतो. असे झटके दिसले तर मोठी फिट येण्याची वाट पाहू नका. योग्य औषधाने हा प्रकार बहुधा छान आटोक्यात राहतो. मात्र अपस्माराची काही औषधं याच प्रकारात त्रास वाढवतात, म्हणून शेजाऱ्याच्या मुलाची गोळी आपल्या मुलाला चालेल असं समजू नका.

तपासणी म्हणजे ईईजी, मेंदूचा विद्युत आलेख. तो काढताना डोळ्यांसमोर वेगवेगळ्या वेगाने दिवा लुकलुकवतात. तुमच्याकडे जुना रिपोर्ट असेल तर त्यात ‘फोटिक स्टिम्युलेशन’ हे शब्द शोधा. त्यापुढे काय लिहिलंय ते डॉक्टरांना विचारा. तो भाग केलेलाच नसेल, तर “ईईजी नॉर्मल आहे” एवढ्यावरून गेमबद्दल काही ठरवता येत नाही. ज्या मुलाला कधीच काही झालेलं नाही, त्याची मात्र कन्सोल घेण्यापूर्वी ईईजी करत बसू नका. आणि घरी दिवा लुकलुकवून ‘बघू या काय होतं’ असा प्रयोग तर अजिबात नको.

खरेदीआधी आणि खेळताना

लखलखाट बाधतो हे ठरलं असेल, तर गेमची समीक्षा मुलाच्या आधी तुम्ही वाचा. ग्राफिक्सला किती गुण मिळाले ते सोडा. चमक, झटके, अपस्मार यांबद्दल काही लिहिलंय का ते पाहा. मग गेमच्या सेटिंगमध्ये जा. ‘सेलेस्ट’मध्ये यासाठी वेगळी सोय आहे, ‘माइनक्राफ्ट’मध्ये विजेचा चकचकाट बंद करता येतो. अशा सोयींनी धोका कमी होतो, पण शून्य होत नाही. खोलीत दिवा चालू ठेवा, टीव्हीचा उजेड कमी करा, शक्य तितकं लांब बसवा. छोटा पडदा मोठ्यापेक्षा बरा.

अचानक चमक सुरू झाली तर एक डोळा तळहाताने पूर्ण झाका आणि नजर वळवा, हे मुलाला शिकवून ठेवा. नुसते डोळे मिटून भागत नाही, पापण्यांतून लाल उजेड आत जातोच. एक डोळा पूर्ण झाकला की मेंदूवरचा परिणाम बराच घटतो.

यापेक्षाही महत्त्वाच्या दोन गोष्टी आहेत, झोप आणि गोळी. गेम खेळताना आलेली प्रत्येक फिट लखलखाटाचीच असते असं नाही. अनेकदा कारण असतं रात्रभराचं जागरण आणि चुकलेला डोस. तारीख दोनदा पुढे गेलेल्या ‘जीटीए ६’साठी १९ नोव्हेंबर २०२६ हा दिवस जाहीर झाला आहे. त्या रात्री किती घरांत दिवे जळत राहतील, हे सांगायला ज्योतिषी नको. अपस्मार असलेल्या मुलाशी याबद्दल आधीच सौदा करा: गेम घे, पण रात्रीची गोळी वेळेवर आणि झोपही वेळेवर. सरसकट बंदीपेक्षा असा सौदा पाळला जाण्याची शक्यता जास्त.

फिट आलीच तर

मुलाला जमिनीवर आडवं करा, आजूबाजूच्या टणक वस्तू हलवा, डोक्याखाली मऊ काहीतरी ठेवा आणि पडदा बंद करा. हातपाय दाबून धरू नका. तोंडात चमचा, बोट, पाणी काहीही घालू नका. कांदा, चप्पल, लोखंडी किल्ली यांनी फिट थांबत नाही. बहुतेक फिट दोन-तीन मिनिटांत आपोआप थांबते, म्हणून श्रेय किल्लीला मिळतं. झटके थांबले की कुशीवर वळवा. फिट पाच मिनिटांपेक्षा जास्त चालली, शुद्ध येण्याआधी दुसरी आली, श्वास नीट सुरू झाला नाही, मार लागला किंवा आयुष्यातली पहिलीच फिट असेल, तर १०८ ला फोन करा.

घरात आणखी कुणी असेल तर त्याला मोबाइलवर व्हिडिओ काढायला सांगा. “हातपाय वाकडे झाले” या वर्णनापेक्षा अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ आम्हाला कितीतरी जास्त सांगतो. सोबत कागदावर लिहून आणा: कोणता गेम, पडद्यावर त्या क्षणी काय चाललं होतं, किती वेळ खेळत होता, आदल्या रात्री किती वाजता झोपला, शेवटची गोळी कधी घेतली. आणि मित्राच्या घरी खेळायला जात असेल, तर वरचा परिच्छेद त्याच्या आईलाही पाठवून ठेवा.