चार स्ट्रोकचे इंजिन आणि पन्हाळ्याचा घाट

रविवारी पालक मोटारसायकलवरून गड चढून मुलांना भेटावयास येतात. सायंकाळी परतताना मात्र त्यांतील काहीजण पेट्रोल वाचविण्यासाठी इंजिन बंद करून, गाडी न्यूट्रलमध्ये सोडून वाघबीळच्या दिशेने उतार उतरतात. हे दृश्य आम्ही वर्षानुवर्षे पाहत आलो आहोत. इतिहासाचे शिक्षक असूनही आम्ही या स्मरणिकेत इंजिनाविषयी लिहीत आहोत, त्याचे कारण हेच.

चार स्ट्रोकचे यशस्वी इंजिन 1876 साली जर्मनीत निकोलाउस ओटो यांनी सिद्ध केले. ते अभियंता म्हणून शिकलेले नव्हते. पूर्वी ते फिरते विक्रेते होते. त्यांच्या इंजिनाचे तत्त्व आजही तेच आहे.

सिलिंडरमध्ये दट्ट्या, म्हणजे पिस्टन, खालीवर होत असतो. पहिल्या स्ट्रोकला तो खाली येतो, आत येणारी झडप उघडते आणि हवा व पेट्रोल यांचे मिश्रण ओढले जाते. एक भाग पेट्रोलास वजनाने सुमारे 15 भाग हवा लागते. दुसऱ्या स्ट्रोकला दोन्ही झडपा बंद असतात आणि वर जाणारा दट्ट्या मिश्रण दाबून सुमारे नवव्या-दहाव्या हिश्शाइतके लहान करतो. दट्ट्या वर पोहोचत असतानाच स्पार्क प्लगची ठिणगी पडते. तापलेले वायू प्रसरण पावून दट्ट्यास जोराने खाली ढकलतात. हा तिसरा स्ट्रोक. चौथ्यास दुसरी झडप उघडते व जळालेला वायू बाहेर जातो.

चारांपैकी शक्ती देणारा स्ट्रोक एकच. उरलेले तीन फ्लायव्हीलच्या साठवलेल्या गतीवर पार पडतात. चार स्ट्रोकमध्ये क्रँकशाफ्टचे दोन फेरे होतात. म्हणून मिनिटाला 4000 फेरे घेणाऱ्या एका सिलिंडरच्या इंजिनात 2000 वेळा ठिणगी कामी येते.

आता घाटाकडे वळू. गाडी गिअरमध्ये ठेवून ॲक्सिलरेटर सोडला, की हवेची वाट जवळजवळ बंद होते. दट्ट्यास ओढून घ्यावयास हवा पुरेशी मिळत नाही. त्या निर्वात ओढीविरुद्ध आणि घर्षणाविरुद्ध चाकालाच इंजिन फिरवावे लागते. त्यामुळे वेग आपोआप आवरला जातो. न्यूट्रलमध्ये हा आधार तुटतो, सारा भार ब्रेकवर येतो आणि लांब उतारावर ब्रेक तापून त्यांची पकड सुटू लागते. शिवाय फ्युएल इंजेक्शनच्या अनेक गाड्यांत अशा वेळी पेट्रोलचा पुरवठा आपणहून थांबतो. म्हणजे ज्या बचतीसाठी जीव धोक्यात घालावा, ती बचत गिअरमध्येच होत असते.

यंत्र माणसाला कष्टातून सवड देते आणि ती सवड सर्वांना मिळाली पाहिजे, अशी बाबासाहेबांची भूमिका होती. यंत्र वापरणाऱ्याने ते समजूनही घ्यावे, एवढीच त्यात आमची भर. ज्या गिअरमध्ये चढ चढलात, बहुधा त्याच गिअरमध्ये उतार उतरा. मुलांची पुढच्या रविवारची वाट पाहणे व्यर्थ जाऊ नये.