८.२ चे १.९ कसे होतात?

इथल्या इंजिनिअरिंग कॉलेजात ८.२ सीजीपीए मिळवलेली मुलगी जर्मनीत कॉम्प्युटर सायन्सच्या मास्टर्सला अर्ज करते, तेव्हा सगळ्यात आधी तिचे गुण उलटे होतात. तिथे १ म्हणजे सर्वोत्तम आणि ४ म्हणजे जेमतेम पास. परदेशी गुण या मापात बसवायला ‘सुधारित बव्हेरियन सूत्र’ वापरतात, आणि ते अगदी शाळेतल्या गणितासारखं आहे. कमाल गुणांतून मिळालेले गुण वजा करायचे, कमाल आणि पासापुरत्या गुणांमधल्या फरकाने भागायचं, तिनाने गुणायचं, वर एक मिळवायचा. पास व्हायला ४ लागत असतील तर ८.२ चे होतात १.९.

आता गंमत पाहा. दुसऱ्या एखाद्या विद्यापीठात पास व्हायला ५ लागतात. तिथल्या ८.२ चे होतात २.०८. म्हणजे ज्या विद्यापीठाची पासाची अट कडक, त्याचाच विद्यार्थी जर्मनीत किंचित मागे! कारण सूत्र एवढंच विचारतं की शिखरावरून नापासाच्या रेषेकडे तुम्ही किती घसरलात. रेषा वर सरकली की तेवढेच गुण तिच्या जवळ जातात. तर्कात कुठेही खोट नाही, तरी उत्तर पाहून हसू येतं. दहापैकी दहा असतील तर मात्र कुठलीही रेषा चालते, उत्तर १ च येतं. ग्रेडिंग पद्धतीची जी टीप मार्कशीटच्या कोपऱ्यात असते आणि कोणी वाचत नाही, तिच्यातला एक आकडा असा सातासमुद्रापार बोलतो.

गुण तरी निदान एका ओळीत बदलतात. विषयांचं तसं नाही. आखेनचं आरडब्ल्यूटीएच घ्या किंवा म्युनिकचं तांत्रिक विद्यापीठ, दोन्हीकडे तुमचे विषय त्यांच्या स्वतःच्या पदवीशी ताडून पाहिले जातात. जर्मन परंपरेत संगणकशास्त्राचे ठरलेले कप्पे आहेत: सैद्धांतिक, व्यावहारिक, तांत्रिक, आणि सोबत गणित. प्रत्येक कप्प्यात पुरेसे क्रेडिट हवेत, आणि एक युरोपीय क्रेडिट म्हणजे घरचा अभ्यास धरून २५ ते ३० तासांचं काम. आपली मुलं वेब डेव्हलपमेंट आणि मशीन लर्निंगच्या प्रोजेक्टांनी रेझ्युमे भरतात, आणि तिकडे तपासणारा शोधत असतो टीओसी, म्हणजे थिअरी ऑफ कम्प्युटेशन! ऑटोमाटा, गणनीयता, डिस्क्रीट गणित. परीक्षेच्या आदल्या रात्री उरकलेला विषय प्रवेशाची चावी ठरावा, यात मला काव्यात्म न्याय दिसतो.

मग विद्यापीठ निवडायचं कशावरून? बहुतेक जण रँकिंग उघडतात. संगणकशास्त्रापुरतं त्यातल्या त्यात प्रामाणिक वाटतं ते ‘सीएसरँकिंग्ज’. ते कोणाचंही मत विचारत नाही. निवडक परिषदांमध्ये कोणत्या विद्यापीठाच्या प्राध्यापकांचे किती शोधनिबंध आले, तेवढंच मोजतं. शिकवणं कसं आहे, याबद्दल त्यात अक्षर नाही. पण ही मोजदाद उभी आहे ‘डीबीएलपी’ नावाच्या सूचीवर. मोझेल नदीकाठच्या ट्रियर या प्राचीन रोमन गावात मिखाएल लाय यांनी १९९३ मध्ये ती सुरू केली. आज तिच्यात ७० लाखांहून जास्त प्रकाशनांची नोंद आहे, आणि ती कोणालाही फुकट पाहता येते. प्राध्यापकाचं नाव टाका. ते गेल्या तीन वर्षांत कशात गुंतले आहेत, कोणाबरोबर लिहितात, की २०१५ नंतर गप्पच आहेत, सगळं समोर येतं. ज्या यादीतून रँकिंग शिजतं, ती यादीच विद्यार्थ्याच्या हातात आहे.

ही सूची आता सांभाळतं सारलँडमधलं श्लोस डागश्टूल हे केंद्र. आणि सारलँडची राजधानी झारब्रुकन हे तर आश्चर्यच आहे. वस्ती दोन लाखांच्याही आत. दुसऱ्या महायुद्धानंतर हा प्रदेश फ्रान्सच्या अंमलाखाली होता, आणि १९४८ मध्ये फ्रेंचांच्या पाठबळाने जुन्या लष्करी बराकींत इथे विद्यापीठ सुरू झालं. १९५७ मध्ये प्रांत पश्चिम जर्मनीत आला. धंदा म्हणजे कोळसा आणि पोलाद. शेजारच्या फ्योल्कलिंगेनचा लोखंडाचा कारखाना १९८६ मध्ये थंडावला. आज तो जागतिक वारसास्थळ आहे. आणि त्याच सुमारास या कोपऱ्यात संगणकशास्त्र एकवटू लागलं. १९८८ मध्ये कृत्रिम बुद्धिमत्तेचं जर्मन संशोधन केंद्र स्थापन झालं, १९९० मध्ये माक्स प्लांक संस्थेची संगणकशास्त्र शाखा आली, पुढे सॉफ्टवेअर प्रणालींची दुसरी शाखा, मग सायबरसुरक्षेचं ‘सिस्पा’. आज या सगळ्या संस्था विद्यापीठाच्या परिसरात चालत जाण्याच्या अंतरावर आहेत. मास्टर्सचं शिक्षण इंग्रजीत होतं. विद्यार्थी या संस्थांत ‘हिवी’ म्हणून, म्हणजे संशोधनगटात पगारी मदतनीस म्हणून, काम धरू शकतो. काकू-मावश्यांनी या गावाचं नाव ऐकलेलं नसतं, एवढाच काय तो तोटा.

पैशांचं थोडक्यात. ‘जर्मनीत शिक्षण फुकट’ हे आता सरसकट खरं नाही. बाडेन-व्युर्टेमबर्ग प्रांत, म्हणजे कार्ल्सरुहं आणि श्टुटगार्ट, २०१७ पासून युरोपीय संघाबाहेरच्यांकडून सत्राला १,५०० युरो घेतो. म्युनिकचं तांत्रिक विद्यापीठ २०२४ च्या हिवाळी सत्रापासून मास्टर्सला सत्रामागे बहुधा ४,००० किंवा ६,००० युरो घेतं. आखेन आणि झारब्रुकनमध्ये शिक्षणशुल्क नाही, सत्राची किरकोळ वर्गणी तेवढी आहे. व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये, म्हणजे दरमहा ठरावीक रक्कमच काढता येणाऱ्या खात्यात, वर्षाचे ११,९०४ युरो दाखवावे लागतात. सप्टेंबर २०२४ पासूनचा हा आकडा अर्ज करताना पुन्हा तपासा. आणि भारतीयांना नोव्हेंबर २०२२ पासून एपीएस प्रमाणपत्र, म्हणजे शैक्षणिक कागदपत्रं तपासल्याचा दाखला, लागतं; त्याला वेळ जातो.

शेवटचं काम काउन्सेलरवर सोडू नका. प्रत्येक जर्मन अभ्यासक्रमाचं ‘मॉड्यूल हँडबुक’ असतं आणि ते बहुतेक वेळा विद्यापीठाच्या संकेतस्थळावर खुलं मिळतं. कोणता विषय कोण शिकवतं, किती तासांचा आहे, आधी काय यावं लागतं, परीक्षा लेखी की तोंडी, हे सगळं त्यात असतं. शॉर्टलिस्टमधल्या दोन-तीन विद्यापीठांची हँडबुकं एका रविवारी वाचून काढा. ज्याचे विषय वाचताना जेवायचं भान राहिलं नाही, तिथला अर्ज आधी भरा.