सायकलचा तोल आणि घर्षण

नवशिका मुलगा डावीकडे कलला की घाबरून हँडल उजवीकडे वळवितो आणि पडतो. वास्तविक ज्या बाजूस तोल जाईल त्याच बाजूस हँडल किंचित वळवावयाचे असते. त्यायोगे चाके पुन्हा भाराखाली येतात. केवळ फिरत्या चाकांच्या गुणामुळे सायकल उभी राहते, हे रूढ स्पष्टीकरण अपुरे असल्याचे २०११ साली प्रयोगाने दिसून आले.

वळणावर सायकलीस आत वळविणारे बल टायर व रस्ता यांमधील घर्षणाचेच. वाळूवर अगर ओल्या शेणावर ते घटते. वेग दुप्पट झाल्यास ब्रेक दाबल्यापासून थांबेपर्यंतचे अंतर सुमारे चौपट होते. मैदानावर चुन्याच्या रेषा आखून हे मोजून दाखवावे. शाळा उताराच्या पायथ्याशी असल्यास हा पाठ पावसाळा लागताच घ्यावा.