शौर्याचें मोल ठरविणार कोण?

शूराचें शौर्य शत्रूनेंहि मान्य करावें, हा आमच्याकडील जुना दंडक आहे. तेव्हां फील्डमार्शल लॉर्ड रॉबर्ट्स यांच्या चरित्राचा हिशेब मांडतांना त्यांचें धैर्य प्रथम जमेस धरणें न्याय्य होय. १८३२ सालीं कानपुरास जन्मलेले हे गृहस्थ १८५१ सालीं कंपनी सरकारच्या बंगाल तोफखान्यांत शिरले व १८५७ सालीं दिल्लीच्या वेढ्यांत लढले. २ जानेवारी १८५८ रोजीं खुदागंज येथें त्यांनीं सरकारविरुद्ध उठलेल्या शिपायांचें निशाण हिसकावून घेतलें, आणि संगिनीच्या पेंचांत सांपडलेल्या एका हिंदी स्वाराचा प्राण वांचविला. याबद्दल त्यांस व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. येथवर आमची कांहींच तक्रार नाहीं.

परंतु माल खरा असला तरी तराजूहि खरा आहे कीं नाहीं, हें व्यापारी पाहतोच. त्या स्वारानें उलट साहेबाचा प्राण वांचविला असता, तर त्यास हा क्रॉस मिळाला नसता. कारण १९११ पर्यंत तो हिंदी शिपायास मुळीं खुलाच नव्हता!

आतां काबूलकडे वळूं. ३ सप्टेंबर १८७९ रोजीं तेथें इंग्रज वकील कॅव्हॅग्नारी यांचा रक्षकांसह वध झाला. रॉबर्ट्स यांनीं चारासियाची लढाई जिंकून काबूल घेतलें व लष्करी न्यायमंडळें बसवून अनेक अफगाणांस फांशीं दिलें. खुनांत सामील असलेल्यांस शिक्षा व्हावी, याविषयीं वाद नाहीं. परंतु इंग्रज फौजेशीं केवळ लढलेल्यांसहि अमीराचे बंडखोर ठरविण्यांत आलें. परकी सैन्य दाराशीं आलें असतां जो स्वदेशासाठीं शस्त्र धरतो, तो कोणत्या कायद्यानें बंडखोर? हाच प्रश्न त्या वेळीं खुद्द इंग्लंडांत फ्रेडरिक हॅरिसन या कायदेपंडितानें विचारला होता.

पुढें जुलै १८८० त मैवंद येथें इंग्रजांचा पराभव झाला, तेव्हां रॉबर्ट्स सुमारें १०,००० सैन्यानिशीं काबूलहून निघाले, ३०० मैलांहून अधिक वाट तीन आठवड्यांच्या सुमारास तुडवून कंदाहारास पोंचले, आणि १ सप्टेंबर रोजीं त्यांनीं अयूबखानाचा मोड केला. त्या सैन्यांत सुमारें ७,००० हिंदी होते. त्यांस मोहिमेचा तारा मिळाला हें खरें. पण तोच तारा राणीच्या आज्ञेनें साहेबांच्या व्होनोलेल नामक घोड्यासहि मिळाला!

१८८५ ते १८९३ रॉबर्ट्स हिंदुस्थानचे सरसेनापति होते. मद्रास व मुंबईचे शिपाई उत्तरेकडील लोकांच्या बरोबरीचे नव्हेत, असें त्यांचें ठाम मत होतें. आणि लढवय्या जातींच्या या सिद्धांताच्या अमलांत महारांची भरती बंद पडली. पिढ्यान्‌पिढ्या मुंबईच्या पलटणींत लढलेल्या जातीस हें बक्षीस! गोपाळ बाबा वलंगकर या निवृत्त सैनिकानें १८९४ त भरतीसाठीं अर्ज तयार केला. पण दार उघडलें नाहीं. १९१७ त गरज पडतांच महारांची पलटण उभी राहिली, आणि लढाई सरल्यावर मोडली. १९४१ त महार रेजिमेंट पुन्हां उभारावी लागली. गरज पडतांच जी जात लढवय्यी होते व गरज सरतांच नालायक ठरते, तिच्यांत उणें कांहीं नव्हतें. उणें होतें तें पाहणाऱ्याच्या दृष्टींत.

तथापि सर्व दोष परक्यांच्या माथीं मारून आम्हांस मोकळें होतां येणार नाहीं. माणसाचा गुण त्याच्या जन्मावरून ठरवावा, ही विद्या साहेबानें विलायतेहून आणली नव्हती; ती आमच्या गांवोगांवीं आधींच पाठ होती. महाराच्या हातचें पाणी ज्यांस चाललें नाहीं, त्यांनीं त्याची बंदूक नाकारणाऱ्यास कोणत्या तोंडानें बोल लावावा?

१४ नोव्हेंबर १९१४ रोजीं फ्रान्सांत हिंदी पलटणींच्या भेटीस गेले असतां रॉबर्ट्स वारले. १० जुलै १९४४ रोजीं इटलींत नाईक यशवंत घाडगे या मराठ्यानें मशीनगनच्या माऱ्यांत एकट्यानें शत्रूचें ठाणें घेतलें व तेथेंच देह ठेवला. त्यास मरणोत्तर तोच व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. मुंबईकडील शिपायाविषयींच्या त्या जुन्या निकालावर याहून चोख अपील कोणतें? ज्यांस कर्तृत्वाची पारख करावयाची आहे, त्यांनीं आधीं संधि द्यावी, आणि मग निकाल सांगावा.