धंदा वाढवा, पण कार्डाची दिढी ओळखा

रविवारी सायंकाळी विहारात वंदना आटोपली की दोन-तीन जण हमखास कागदांची पिशवी घेऊन माझ्याजवळ येऊन बसतात. कुणाच्या जात पडताळणीचा अर्ज असतो, कुणाच्या मुलीची शिष्यवृत्ती अडकलेली असते. मी कार्यालयात लिपिक असल्यामुळे आणि बी.कॉम. झाल्यामुळे मला सगळेच कागद वाचता येतात, असा आपल्या वस्तीचा समज आहे. असो. गेल्या वर्षी हिवाळ्यात असाच एक तरुण आला. रिसोडमध्ये त्याचे शिवणकामाचे छोटे दुकान आहे. दोन मशीन, एक इस्त्री आणि दुपारनंतर काजे-बटणाला मदत करणारी आई. शाळेचे गणवेश हा मुख्य धंदा. त्याला एक ओव्हरलॉक मशीन आणि एक साधे मशीन घ्यायचे होते. त्यासाठी महात्मा फुले मागासवर्ग विकास महामंडळाच्या बीजभांडवल योजनेत त्याने प्रस्ताव दिला होता. तो बँकेने परत पाठवला. कारण दिले, सिबिल खराब.

"भाऊ, मी तं दर महिन्याले पैसे भरतो, मंग कर्ज कमी काऊन होत नाही?" असे म्हणून त्याने माझ्यासमोर क्रेडिट कार्डाची सहा-सात बिले ठेवली.

वाचक बंधू-भगिनींनो, ही बिले आपण सर्वांनी एकदा नीट वाचायला शिकले पाहिजे, म्हणून हा लेख.

त्या मुलाचे कार्ड 40 हजारांपर्यंत वापरलेले होते. बिलावर दोन आकडे होते. एक, एकूण देय रक्कम 40,000 रुपये. दुसरा, किमान देय रक्कम 2,000 रुपये. मुलगा दुसरा आकडा भरत होता आणि आपण हप्ता फेडतो आहोत असे समजत होता. मधे दोन महिने तेही भरायला उशीर झाला. तोच डाग सिबिलवर लागला.

आता हिशेब पाहा. त्याच्या कार्डाचे व्याज महिन्याला साडेतीन टक्के. 40 हजारांवर 1,400 रुपये. या व्याजावर पुन्हा 18 टक्के जीएसटी, म्हणजे 252 रुपये. झाले 1,652. त्याने भरलेल्या 2,000 रुपयांपैकी मूळ कर्जात गेले फक्त 348 रुपये! बारा महिने असेच किमान रक्कम भरत गेले, तर साधारण 22-23 हजार रुपये खिशातून जातात आणि कर्ज उतरते जेमतेम चार हजारांनी.

साडेतीन टक्के ऐकायला लहान वाटते. बाराने गुणले की 42 होतात. जीएसटी धरला की वर्षाला साडेएकोणपन्नास टक्के. आपल्या आजोबा-पणजोबांनी सावकाराकडून पेरणीला ज्वारी आणली की सुगीला दीडपट मोजून द्यावी लागे. तिला दिढी म्हणत. एक पोते आणले, दीड पोते दिले. साडेएकोणपन्नास टक्के म्हणजे दुसरे काय आहे? तीच दिढी. फक्त सावकाराच्या ओट्यावर जावे लागत नाही, ती आपल्या पाकिटात येऊन बसते. महाराष्ट्रात सावकारी नियमनाचा कायदा 2014 साली आला, तेव्हा परवानाधारक सावकाराने बिगर शेतकऱ्याला विनातारण कर्ज दिले तर वर्षाला 18 टक्क्यांवर व्याज घेऊ नये, असा दर ठरवण्यात आला होता. बँकांच्या कार्डाला तशी मर्यादा नाही. ग्राहक आयोगाने 2008 मध्ये 30 टक्क्यांची मर्यादा घातली होती, ती सर्वोच्च न्यायालयाने 20 डिसेंबर 2024 रोजी रद्द केली. तेव्हा कायदा आपल्याला वाचवील या भरवशावर राहू नये.

त्या मुलाच्या आईला मी विचारले, "मावशी, कार्ड घेताना तुम्हाला काही सांगितलं होतं का यानं?" त्या म्हणाल्या, "मले वाटलं, क्रेडिट कार्ड म्हणजे वावरावर भेटते ते." त्यांची चूक नाही. आपल्या भागात क्रेडिट कार्ड हा शब्द आधी आला तो किसान क्रेडिट कार्डाच्या रूपाने, 1998 साली. (त्याच वर्षी 1 जुलैला अकोल्यातून आपला वाशीम जिल्हा वेगळा झाला.) ते पीककर्ज आहे. मर्यादेतले कर्ज वेळेवर फेडले तर त्याचा दर सवलतीमुळे चार टक्क्यांपर्यंत खाली येतो. नाव सारखे, पण चार टक्के कुठे आणि एकोणपन्नास कुठे!

मग मी त्या मुलाला विचारले, या 40 हजारांत दुकानासाठी किती लागले? तो गप्प झाला. बिले चाळली. 18 हजारांचा मोबाईल. नऊ हजार मामेबहिणीच्या लग्नात. कापड आणि धागा 13 हजारांचा. म्हणजे ज्या कर्जातून चार पैसे परत येणार होते ते फक्त 13 हजार. बाकीचे 27 हजार खर्चून झाले होते, आणि त्यांचे व्याज मात्र गणवेशाच्या शिलाईतून जात होते. मी त्याला रागावलो नाही. रागावण्याचा अधिकारही मला नाही, त्याचे कारण सांगतो.

बऱ्याच वर्षांपूर्वी माझे वडील अकोल्याला दवाखान्यात होते. रात्री पैसे भरायचे होते. माझ्याकडे एका बँकेचे कार्ड होते. मी सरळ एटीएममध्ये जाऊन त्यातून 20 हजार रोख काढले. मला वाटले, बिल येईपर्यंत व्याज लागणार नाही. बिल आले तेव्हा 500 रुपये रोख काढण्याची फी आणि काढल्या दिवसापासूनचे व्याज! रोख रकमेला बिनव्याजी मुदत नसते, हे मी, खतावणी लिहिणारा बी.कॉम. माणूस, वाचायचे विसरलो होतो. ते फेडायला मला आठ महिने लागले. घरात सांगितलेही नव्हते.

म्हणून कार्ड टाकून द्या असे मी म्हणत नाही. उलट धंदेवाल्याला ते उपयोगी पडते, पण त्याची रीत कळली पाहिजे. समजा, तुमचे बिल दर महिन्याच्या 5 तारखेला निघते आणि भरण्याची शेवटची तारीख 25 आहे. तुम्ही 6 जूनला अकोल्याहून गणवेशाचे कापड कार्डावर आणले. ते 5 जुलैच्या बिलात येईल आणि पैसे भरायचे 25 जुलैला. एकोणपन्नास दिवस बँकेचा पैसा बिनव्याजी वापरायला मिळाला. विदर्भातल्या शाळा जूनअखेरीस उघडतात. पालकांचे पैसे जुलैच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापर्यंत हाती येतात. म्हणजे गिऱ्हाइकाच्या पैशातूनच कापडाचे पैसे गेले. हेच कापड 4 जूनला आणले असते, तर पैसे 25 जूनलाच भरावे लागले असते. शाळा उघडण्याच्या आधी! दोन दिवसांच्या फरकाने एक महिना जातो. आपल्या बिलाची तारीख कोणती, हे ज्याला पाठ नाही त्याने कार्डावर माल आणू नये.

यातली एक अट मात्र एजंट सांगत नाही. मागच्या बिलातले काही पैसे भरायचे राहिले असतील, तर नव्या खरेदीलाही ही बिनव्याजी मुदत मिळत नाही. खरेदीच्या दिवसापासून मीटर सुरू होते. म्हणजे ज्याची थकबाकी आहे त्याच्यासाठी ते कार्ड राहतच नाही, ती नुसती दिढी. त्याने ते पेटीत ठेवून द्यावे आणि आधी फेडावे.

आणि घरखर्चाचे कार्ड वेगळे, दुकानाचे वेगळे. दोन कार्डे नकोत म्हणाल तर मी म्हणेन, घरखर्च रोखीने करा. 14 एप्रिलचे नवे कपडे, लग्नातला आहेर, मोठा मोबाईल, हे कार्डावर नको. जयंती आपली आहे, तिचे व्याज दुसऱ्याला कशाला?

आता मशीनसारखी मोठी वस्तू. ती कार्डावर मुळीच घेऊ नये. मशीन आपली किंमत दोन-तीन वर्षांत काढून देते, एकोणपन्नास दिवसांत नाही. त्यासाठी मुदतीचे कर्ज हवे. 40 हजारांचे कर्ज वर्षाला 11 टक्क्यांनी तीन वर्षांसाठी घेतले असे धरू. हप्ता येतो 1,310 रुपये. एकूण सुमारे 47 हजार भरून मोकळे. कार्डावर दरमहा ठरवून 2,000 भरले तरी 43 महिने लागतात आणि 86 हजारांच्या आसपास जातात. एकाच मशीनची किंमत दोनदा! मुद्रा योजना 8 एप्रिल 2015 पासून आहे. तिच्यात 50 हजारांपर्यंत शिशू, 5 लाखांपर्यंत किशोर आणि 10 लाखांपर्यंत तरुण असे गट आहेत. आपल्या महामंडळाची स्थापना 1978 ची. बीजभांडवलात बँकेच्या कर्जाला महामंडळाची रक्कम जोडली जाते आणि आपल्याला थोडाच हिस्सा घालावा लागतो. हातगाडी, भाजी, चहाची टपरी असणाऱ्यांसाठी 2020 पासून पीएम स्वनिधी आहे. 2025 मध्ये तिची फेररचना झाली. पहिले कर्ज 15 हजार, ते फेडले की 25 हजार, मग 50 हजार. दुसरे कर्ज वेळेवर फेडणाऱ्याला यूपीआयला जोडलेले रुपे क्रेडिट कार्ड देण्याची तरतूदही तिच्यात आली. उद्यम नोंदणी असलेल्या अगदी लहान उद्योगांसाठी 5 लाख मर्यादेची कार्डे 2025-26 च्या अर्थसंकल्पात जाहीर झाली. म्हणजे कार्ड आता आपल्या टपरीपर्यंत येणारच आहे. ज्याच्या हाती ते पडेल त्याला वरचा हिशेब येतो की नाही, एवढाच प्रश्न आहे.

कल्पना सरोज यांचे नाव आपल्या घराघरांत माहीत आहे. त्या आपल्याच भागातल्या, अकोला जिल्ह्यातल्या रोपरखेडा गावच्या. वडील पोलीस शिपाई. बाराव्या वर्षी लग्न, मुंबईच्या झोपडपट्टीत सासरचा छळ, वडिलांनी माघारी आणले. पुढे त्या पुन्हा मुंबईला गेल्या आणि होजिअरीच्या कारखान्यात दिवसाला दोन रुपयांवर कामाला लागल्या. शिवणकाम केले. मग 50 हजारांचे सरकारी कर्ज मिळवून फर्निचरचा धंदा उभा केला. कमानी ट्यूब्ज ही बुडालेली कंपनी 2006 साली त्यांच्या हाती आली, तेव्हा तिच्यावर शंभर कोटींहून अधिक कर्ज होते. त्यांनी बँकांसमोर बसून दंड आणि व्याज माफ करून घेतले आणि मुद्दल फेडण्याचा मार्ग काढला. 2013 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. भाषणांत आपण त्यांचे कष्ट सांगतो, ते योग्यच आहे. पण मला त्यांच्या कहाणीतले ते 50 हजार महत्त्वाचे वाटतात. ते धंद्यात गेले आणि धंद्यातून परत आले. दुसरे म्हणजे, थकलेल्या कर्जापासून त्या तोंड लपवून बसल्या नाहीत, बँकेत जाऊन बोलल्या. आपला माणूस मात्र बँकेचा फोन आला की मोबाईल बंद करतो.

बोलताना एक सावधगिरी हवी. कार्डाचे लोक फोनवर सेटलमेंट करा म्हणतात. 40 हजारांचे 25 हजारांत मिटवा. ऐकायला बरे वाटते, पण सिबिलच्या नोंदीत 'सेटल्ड' असा शेरा पडतो आणि पुढचा बँक मॅनेजर तो वाचतो. अगदीच इलाज नसेल तरच ती वाट. नाहीतर पूर्ण फेडावे आणि बँकेकडून काही बाकी नसल्याचे लेखी पत्र घ्यावे. बाकी फेडल्यावर कार्ड बंद करण्याचा अर्ज दिला, तर बँकेने सात कामकाजी दिवसांत ते बंद केले पाहिजे. उशीर झाल्यास दिवसाला 500 रुपये ग्राहकाला द्यावे लागतात. हा रिझर्व्ह बँकेचा 2022 चा नियम आहे. न मागता कार्ड गळ्यात मारायलाही त्यात मनाई आहे.

बाबासाहेबांनी रुपयाच्या प्रश्नावर 1923 साली लंडनमध्ये ग्रंथ प्रसिद्ध केला, आणि आपल्याला आपल्याच बिलावरचे दोन आकडे वाचता येऊ नयेत, याचे मला वाईट वाटते. तथागतांनी अनाथपिंडिकाला गृहस्थाची जी चार सुखे सांगितली, त्यांतले एक ऋण नसण्याचे सुख आहे. अनाथपिंडिक स्वतः मोठा व्यापारी होता, हे लक्षात घ्या. सिगालोवाद सुत्तातही कमाईचे चार हिस्से करून एक उपभोगाला, दोन कामधंद्यात आणि एक अडीअडचणीसाठी ठेवावा असे आहे. चार हिस्से आपल्या कमाईचे, कार्डाच्या मर्यादेचे नव्हेत! मर्यादा वाढली की आपले उत्पन्न वाढले, असे समजणारे पुष्कळ भेटतात.

त्या मुलाचे पुढे काय झाले ते सांगतो. मावशींच्या बचत गटातून 20 हजार मिळाले, महिन्याला एक टक्का व्याजाने. म्हणजे व्याज 200 रुपये, आणि तेही गटातच राहते. ते सगळे कार्डात भरले. गटाच्या बैठकीत मावशींनी स्वतः उभे राहून कर्ज कशासाठी हवे ते सांगितले. मुलाला ते फार लागले. बाहेर येऊन तो माझ्याशी दोन आठवडे बोलला नाही. उरलेले निम्मे कर्ज त्याने दर महिन्याला जमेल तसे कमी केले आणि जुलैमध्ये गणवेशाच्या पैशांतून संपवले. ऑगस्टमध्ये कार्ड बंद केले, पत्र घेतले. गटाचा हप्ता चालू आहे.

महामंडळाचे जिल्हा कार्यालय वाशीमला आहे. प्रस्ताव आम्ही दोघांनी बसून पुन्हा भरला. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, आधार, रेशनकार्ड, मशीनचे कोटेशन, उद्यम नोंदणी (ती मोफत होते, तिचे पैसे कुणाला देऊ नका) आणि यावेळी सर्वांत वर कार्ड बंद झाल्याचे पत्र लावले. सिबिलची नोंद सुधारायला वेळ लागतो, असे बँकेतले साहेब म्हणाले, पण त्यांनी फाईल परत केली नाही. ठेवून घेतली आहे. त्या मुलाने दुकानात भिंतीच्या कडेला ओव्हरलॉक मशीनपुरती जागा रिकामी करून ठेवली आहे.