भूल शिकताय? मग पुस्तक मिटून अभ्यास करा

अमेरिकेत खास प्रशिक्षण घेतलेल्या परिचारिका स्वतः भूल देतात. आपल्याकडे ते काम भूलतज्ज्ञ डॉक्टरांचं. पण यंत्र तपासायला, नळ्या-औषधं हाताशी ठेवायला शेजारी ॲनेस्थेशिया टेक्निशियन लागतोच. नागपुरात मेडिकल, मेयो किंवा मिहानच्या एम्सच्या ओटीत उभं राहून काम शिकणाऱ्या पोरापोरींसाठी ही पोस्ट.

नोट्सवर नुसता हायलायटर फिरवणं म्हणजे माझ्या मते शुद्ध वेळकाढूपणा. पान झाका, आठवेल ते कागदावर उतरवा, मग ताडून पाहा. दोन दिवसांनी परत, आठवड्याने परत. शिकलेलं किती झपाट्याने विसरलं जातं, हे मानसशास्त्रज्ञ एबिंगहाउसने १८८५ मध्येच मांडून ठेवलंय.

गणित मात्र रोज हवं. २ टक्के लिग्नोकेन म्हणजे एका मिलीलिटरमध्ये २० मिलिग्रॅम. ऑक्सिजनचा ई साइझ सिलिंडर भरलेला असताना साधारण २००० पीएसआय, ६६० लिटर. काटा १००० वर आला की उरले ३३०. मिनिटाला ५ लिटर सोडले तर तासभर पुरतील, फार तर थोडे जास्त. नायट्रस ऑक्साइडला हा हिशेब लावाल तर फसाल! तो आत द्रवरूप असतो, म्हणून द्रव संपेपर्यंत काटा जवळपास हलतच नाही. व्हायव्हाला विचारण्याजोगा प्रश्न आहे हा.

नाइट ड्युटी झाली की तर्री-पोहे खा आणि आधी झोपा. जागरणात वाचलेलं टिकत नाही.

उद्या सकाळी सीनियर यंत्र तपासतील, तेव्हा शेजारी उभे राहा आणि पुढची पायरी त्यांच्याआधी सांगून बघा.